गिटारच्या तबलीला तीनशे वर्षांचे झाड कशासाठी?

अकूस्टिक गिटारचा आवाज तारांतून येतो असे आपण सहज म्हणतो, परंतु नुसत्या तारेचा आवाज चार हातांवरही नीट पोहोचत नाही. तार फार बारीक असते. ती कंप पावते तेव्हा हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. तारेचा कंप घोडीतून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीतून, खालच्या रुंद, पातळ फळीत उतरतो, फळी हलू लागते आणि ती आपल्यासोबत भरपूर हवा हलवते. आपल्या कानांपर्यंत जो नाद येतो, तो मुख्यतः या फळीचा असतो. सतार-तंबोऱ्याच्या अशाच फळीला मिरजेचे कारागीर तबली म्हणतात, म्हणून या लेखात गिटारच्या फळीलाही तबलीच म्हटले आहे. मिरजेची तबली बहुधा तून या झाडाच्या लाकडाची असते. स्टीलच्या तारांच्या गिटारीत मात्र ती बहुतेक वेळा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची असते, आणि स्प्रूसच्या जातींपैकी सर्वाधिक वापर होतो तो उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर वाढणाऱ्या सिटका स्प्रूसचा.

सिटका स्प्रूसचे झाड तबलीजोगे होण्यास सामान्यतः अडीचशे ते तीनशे वर्षे लागतात. ‘जुने लाकूड गोड वाजते’ असे याचे मोघम कारण सांगितले जाते, आणि ते ऐकायला बरेही वाटते. माझ्या मते ते फार तर अर्धे खरे आहे. वयाची ही अट मुख्यतः साध्या मापांतून येते, काही प्रमाणात आपल्या डोळ्यांच्या सवयीतून येते, आणि त्यात कानाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे. हे समजले की या झाडांच्या जंगलांवरून गेली कित्येक वर्षे चाललेला वादही नीट समजतो.

प्रथम तबलीकडून काय अपेक्षा असते ते पाहू. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे सत्तर किलोच्या वजनाइतका होतो, आणि तो घोडीमार्फत तबलीवर सतत पडतो. तबलीची जाडी असते अवघी अडीच ते तीन मिलिमीटर. तिने वर्षानुवर्षे हा ताण सोसायचा, वाकून जायचे नाही, आणि तरीही बोटाच्या हलक्या छेडण्याने हलायचे. जाड फळी ताण सोसेल, पण हलणार नाही. पातळ फळी हलेल, पण खचेल. म्हणून असे लाकूड हवे जे वजनाच्या मानाने विलक्षण ताठ असेल. या कसोटीवर स्प्रूसच्या तोडीची लाकडे फार थोडी आहेत. वाळलेल्या सिटका स्प्रूसचे वजन घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो भरते, तर सागाचे साडेसहाशेच्या आसपास जाते. तंतूंच्या दिशेने स्प्रूसमधून ध्वनी सेकंदाला पाच किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. तबलीला आतून आधार देणाऱ्या, इंग्रजी एक्स अक्षराच्या आकारात चिकटवलेल्या पट्ट्याही याच कारणाने स्प्रूसच्याच असतात.

हा ताठपणा लाकडाच्या रचनेत आहे. स्प्रूसचे लाकूड जवळजवळ सर्वस्वी एकाच प्रकारच्या पेशींचे बनलेले असते. या पेशी लांबट, पोकळ आणि झाडाच्या उभ्या दिशेने रचलेल्या असतात. वसंतात झाड झपाट्याने वाढते तेव्हा पातळ भिंतींच्या, फिकट पेशी तयार होतात. उन्हाळा सरताना वाढ मंदावते आणि जाड भिंतींच्या, गडद पेशींचा बारीक थर बसतो. फिकट आणि गडद मिळून एका वर्षाचे एक वलय. तबलीवर ज्या सरळ, समांतर रेघा दिसतात त्या म्हणजे या वलयांच्या कडा होत. याशिवाय खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशींचे पट्टे असतात, ते या थरांना आडवे बांधून ठेवतात.

आता मापांचा मुद्दा. तबलीच्या फळ्या खोडातून कशाही कापून चालत नाहीत. फळी खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे मध्यापासून सालीकडे कापावी लागते, जेणेकरून वलये फळीच्या पृष्ठाशी काटकोनात उभी राहतील. याची कारणे दोन. वलये उभी असली की फळी आडव्या दिशेने सर्वांत ताठ राहते. ती तिरकी होऊन पंचेचाळीस अंशांकडे गेली की हा आडवा ताठपणा कमालीचा घसरतो. दुसरे कारण दमटपणाचे आहे. ओले सिटका स्प्रूस पूर्ण वाळेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे ४.३ टक्के आकसते, तर वलयाला समांतर दिशेने ७.५ टक्के. उभ्या वलयांची फळी ऋतुमानाप्रमाणे कमी फुगते व कमी आकसते, त्यामुळे ती तडकण्याची शक्यता कमी होते.

ड्रेडनॉट या प्रचलित आकाराच्या गिटारचा खालचा भाग सुमारे चाळीस सेंटीमीटर रुंद असतो. एवढी रुंद फळी त्रिज्येच्या दिशेने एकाच तुकड्यात मिळणे दुरापास्तच, म्हणून एक जाड फळी मधोमध चिरून पुस्तकाच्या पानांसारखी उघडतात आणि दोन्ही भाग मध्यावर जोडतात. म्हणजे एका भागाला वीस सेंटीमीटर, आणि कापाकापीची वजावट धरून बावीस सेंटीमीटर रुंदी हवी. खोडाच्या अगदी मध्याजवळचे लाकूड झाडाच्या बालपणीचे असते. त्यात फांद्यांच्या गाठी असतात आणि वलयांचा बाक फार असतो, म्हणून तिथले आठ-दहा सेंटीमीटर सोडून द्यावे लागतात. सालीलगतचे रसकाष्ठ, म्हणजे झाडाचा रस वाहून नेणारे लाकूड, रंगाने वेगळे असते आणि त्याला बुरशी लवकर लागते. तेही वगळले जाते. ही बेरीज पस्तीस ते चाळीस सेंटीमीटर त्रिज्येवर, म्हणजे सत्तर-ऐंशी सेंटीमीटर व्यासावर जाते, आणि प्रत्यक्षात खरेदीदार मीटरभराहून जाड खोड पसंत करतात. चांगल्या तबलीत सेंटीमीटरला पाच-सहा रेघा असाव्यात असा संकेत आहे. चाळीस सेंटीमीटर गुणिले सहा म्हणजे दोनशे चाळीस वर्षे, आणि हे झाले किमान माप. तीनशे वर्षांचा आकडा असा या गुणाकारातून येतो. त्यात गूढ काही नाही.

मात्र तीनशे वर्षांचे प्रत्येक झाड उपयोगी पडते असे मुळीच नाही, आणि झाड पारखण्याचे खरे कसब इथूनच सुरू होते. बरीचशी स्प्रूसची झाडे वाढताना किंचित पिळतात. त्यांचे तंतू खोडाभोवती मळसूत्रासारखे चढत जातात. असे खोड सरळ कापले की तंतू फळीच्या एका पृष्ठातून शिरून दुसऱ्या पृष्ठातून बाहेर पडतात. ती फळी दिसायला निर्दोष असते, परंतु ताणाखाली कमकुवत ठरते, कारण तंतूंची सलग लांबी तुटलेली असते. म्हणून जाणकार तोड्या उभ्या झाडाच्या सालीच्या भेगा सरळ वर जातात की वळत जातात हे पाहतो. खालून पुष्कळ उंचीपर्यंत फांदी नाही ना, फांदी गळून गेल्याचे व्रण सालीखाली फुगलेले नाहीत ना, खोड एका बाजूला कललेले नाही ना, हेही तो तपासतो. कललेल्या झाडाच्या खालच्या अंगाला वेगळ्या प्रकारचे, कठीण व ठिसूळ लाकूड तयार होते. उतारावरचे एवढे मोठे झाड पाडताना ते खडकावर वा दुसऱ्या ओंडक्यावर आडवे पडले, तर आतले तंतू चिरडतात आणि बाहेरून शाबूत दिसणारे लाकूड वाया जाते.

पाडलेल्या खोडाचे तबलीच्या लांबीपेक्षा थोडे अधिक, म्हणजे साधारण साठ सेंटीमीटर लांबीचे गोल ठोकळे करतात. मग ते करवतीने न कापता पाचरीने फोडतात. हे फोडणे पाहण्यासारखे असते. पाचर मध्यापासून सालीच्या दिशेने लावून घाव घातला की लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेच फाटते. करवत जिथे चालवाल तिथे जाते, पाचर मात्र लाकूड नेईल तिथे जाते. फाटलेला पृष्ठभाग सपाट आला तर खोड सरळ आहे, आणि विमानाच्या पंख्याच्या पात्यासारखा वळलेला आला तर त्याची तबली होणार नाही. पुढच्या करवतीला हाच फाटलेला पृष्ठ पाया म्हणून देतात, त्यामुळे प्रत्येक फळी तंतूंना समांतर निघते. लागोपाठच्या दोन फळ्यांवर क्रमांक टाकून त्यांची जोडी ठेवतात, मध्ये काड्या घालून त्या हवेशीर रचतात आणि सावकाश वाळवतात. ओंडके फार काळ तसेच पडून राहिले तर त्यांत निळसर बुरशी शिरते आणि टोकांना उभ्या चिरा पडतात.

तंतूंचा हा दोष तयार गिटारवरही ओळखता येतो. तबली उजेडात धरून पाहिली असता मधल्या जोडाच्या एका बाजूचा भाग उजळ आणि दुसऱ्या बाजूचा काळसर दिसला, आणि तबली समोर ठेवूनच गिटारची मान खालच्या दिशेला फिरवल्यावर उजळ-काळसर बाजूंची अदलाबदल झाली, तर तंतू पृष्ठातून बाहेर येत आहेत असे समजावे. थोड्या प्रमाणात हे महागड्या वाद्यांतही आढळते आणि त्याने लगेच काही बिघडत नाही. उलट रेघांना आडव्या जाणाऱ्या, रेशमासारख्या चमकणाऱ्या बारीक ठिपक्यांना अनेक गिऱ्हाईक डाग समजतात. वास्तविक ते मघाशी सांगितलेले आडव्या पेशींचे पट्टे असतात आणि फळी अचूक त्रिज्येत कापली गेल्याची ती खूण असते.

नवी झाडे लावून हा प्रश्न का सुटत नाही, असे कोणीही विचारेल. याचे उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळते. डेव्हिड डग्लस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ साली सिटका स्प्रूस ब्रिटनमध्ये नेला, आणि विसाव्या शतकात तिथे त्याची अफाट लागवड झाली. आज ब्रिटनमधील लागवडीच्या जंगलांत हेच झाड सर्वांत अधिक आहे. तरीही तबलीसाठी त्याचा उपयोग जवळजवळ नाही. मोकळ्या उजेडात, रांगेत लावलेले झाड भराभर वाढते, त्याची वलये रुंद पडतात आणि तीस-चाळीस वर्षांत ते इमारतीच्या लाकडासाठी तोडले जाते. अलास्कातही पूर्ण तोड झालेल्या जागी उगवलेल्या दुसऱ्या पिढीची गत हीच आहे. जुन्या जंगलात मात्र रोप मोठ्या झाडांच्या सावलीत दशकानुदशके खुरटत वाढते, खालच्या फांद्या अंधारामुळे मरून गळून पडतात, आणि त्यानंतर चढणारे लाकूड बिनगाठीचे व बारीक रेघांचे असते. म्हणजे हवी तशी तबली एकटे झाड देत नाही, त्याच्याभोवतीचे जंगल देते. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, सामन मासे अंडी घालायला नद्यांत चढतात आणि अस्वले त्यांना ओढून काठावर नेतात. या माशांतले नत्र जमिनीत मुरून काठचे सिटका स्प्रूस अधिक वेगाने वाढतात, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले. गिटारवाल्यांच्या दृष्टीने ही वेगवान वाढ काही फार स्वागतार्ह नाही.

हे झाड कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून अलास्कापर्यंत, समुद्राला लागून असलेल्या अरुंद पावसाळी पट्ट्यात वाढते, आणि त्याची उंची नव्वद मीटरच्या वर जाऊ शकते. गिटारीशी त्याचा संबंध मात्र फार जुना नाही. मार्टिनसारखे अमेरिकी कारखाने दुसऱ्या महायुद्धापर्यंत देशाच्या पूर्व भागातला अॅडिरॉन्डॅक किंवा लाल स्प्रूस वापरत. त्यातली मोठी झाडे संपत आली तेव्हा, १९४५च्या सुमारास, त्यांनी सिटकाकडे मोर्चा वळवला. त्याआधी सिटकाचे खरे गिऱ्हाईक होते विमान कारखाने. हलकेपणा आणि ताठपणा यांचा मेळ त्यांनाही हवाच होता. १९१७ साली अमेरिकी लष्कराने केवळ स्प्रूस तोडण्यासाठी एक स्वतंत्र विभाग उभारून हजारो सैनिक वॉशिंग्टन व ऑरेगनच्या जंगलांत पाठवले होते.

आग्नेय अलास्कातील टोंगास हे सुमारे १ कोटी ७० लाख एकरांचे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय वन. १९५०च्या दशकात सरकारने तिथे लगद्याच्या कारखान्यांशी पन्नास-पन्नास वर्षांचे करार केले. केचिकन येथील कारखाना १९५४ साली आणि सिटका या गावातील १९५९ साली सुरू झाला. कित्येक शतके उभ्या असलेल्या झाडांचा लगदा होऊन त्यापासून रेयॉन आणि कागद बनू लागला. सिटकाचा कारखाना १९९३ मध्ये आणि केचिकनचा १९९७ मध्ये बंद पडला, परंतु तोवर सर्वांत जाड झाडांच्या, सहज पोहोचता येणाऱ्या राया मोठ्या प्रमाणात गेल्या होत्या. एका मोठ्या, चांगल्या झाडातून शेकडो तबल्या निघतात. त्यामुळे जगभरच्या गिटारींना लागणारे लाकूड या तोडीच्या तुलनेत अगदी किरकोळ होते. जंगल गिटारीने खाल्ले नाही, हे निर्विवाद. पण गिटारीला हवे असलेले झाड आणि तोडणाऱ्याला सर्वांत फायद्याचे असलेले झाड एकच होते.

ही गोष्ट २००७च्या सुमारास ऐरणीवर आली. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने गिब्सन, मार्टिन, टेलर, फेंडर या एरवीच्या प्रतिस्पर्धी गिटार कंपन्यांना एकत्र आणून सीलास्का या कंपनीशी बोलणी सुरू केली. सीलास्का ही साधी लाकूड कंपनी नव्हती. अलास्कातील मूलनिवासींच्या जमीनहक्कांचा निवाडा करणाऱ्या १९७१च्या कायद्यातून ती जन्मली होती आणि तिचे भागधारक टलिंगिट, हैदा व सिम्शियन समाजांचे लोक होते. तिचे बरेचसे ओंडके न चिरताच आशियाई देशांना जात. पूर्ण तोड थांबवून, जंगल जपल्याचे प्रमाणपत्र मिळेल अशी मर्यादित तोड करावी, असा कंपन्यांचा आग्रह होता. ज्यांच्या पूर्वजांकडून संबंध प्रदेश काढून घेतला गेला आणि ज्यांना त्यातला छोटा तुकडा परत मिळाला, त्यांनी तो कसा वापरावा हे बाहेरच्यांनी का सांगावे, असे सीलास्काच्या बाजूने म्हणणे होते. मला हा आक्षेप टाळण्याजोगा वाटत नाही. गिटार विकणाऱ्यांना जंगलाची आठवण लाकूड संपत आल्यावर झाली, हेही खरेच. त्या बोलण्यांतून अपेक्षित प्रमाणपत्र काही आले नाही. पुढे सीलास्काने आपले काही जंगल न तोडता राखून त्याबद्दलचे कार्बन श्रेय (झाडांत कार्बन साठवून ठेवल्याचे विकता येणारे प्रमाणपत्र) विकण्याचा मार्ग धरला आणि २०२१च्या आरंभी लाकूडतोडीचा व्यवसाय पूर्ण बंद करत असल्याचे जाहीर केले.

सरकारी जंगलाचे धोरण मात्र दर निवडणुकीबरोबर हेलकावे खात आले आहे. रस्ते नसलेल्या वनक्षेत्रांत नवे रस्ते व तोड रोखणारा नियम २००१ साली झाला. २०२० मध्ये टोंगासला त्यातून वगळण्यात आले, २०२३ मध्ये पुन्हा त्याखाली आणण्यात आले, आणि २०२५ मध्ये तो नियमच देशभर रद्द करण्याचा इरादा अमेरिकी कृषी खात्याने जाहीर केला. रस्त्याला एवढे महत्त्व आहे, कारण दहा टनांचा ओंडका रस्त्यावाचून हलवायचा तर हेलिकॉप्टर लागते, आणि तो खर्च फार थोड्या झाडांना परवडतो.

दरम्यान आग्नेय अलास्कातील प्रिन्स ऑफ वेल्स बेटावरच्या छोट्या गिरण्यांनी एक वेगळा मार्ग दाखवला आहे. त्या उभे झाड न पाडता वादळाने उन्मळलेली, वठलेली झाडे, जुन्या तोडीत मागे टाकलेले ओंडके, इतकेच काय, जंगलरस्त्यांवरच्या जुन्या पुलांचे ओंडकेही फोडून तबल्या काढतात. थंड, पाणथळ हवेत पडलेल्या मोठ्या खोडाचा गाभा बराच काळ टिकतो. आल्प्समध्ये युरोपीय स्प्रूसबाबतही असाच प्रसंग आला. इटलीतील पानेवेज्जो हे व्हायोलिनच्या लाकडासाठी नावाजलेले जंगल आहे. ऑक्टोबर २०१८ मधील ‘वाया’ वादळाने त्या साऱ्या प्रदेशात लाखो झाडे आडवी केली, आणि त्यांतले वाद्याजोगे लाकूड वेळेत वेगळे काढणे हे मोठे काम होऊन बसले.

राहिला डोळ्यांच्या सवयीचा मुद्दा. तबल्यांची प्रतवारी ए, डबल ए, ट्रिपल ए अशी होते आणि ती मुख्यतः दिसण्यावरून ठरते: रेघा किती सारख्या, रंग किती एकसमान, डाग आहे की नाही. रेघा फार रुंद असून चालत नाही हे मान्य, पण रंगाच्या एका पट्ट्यामुळे आवाजात फरक पडत नाही. वजन आणि ताठपणा मोजून निवडलेली डागाळलेली फळी ट्रिपल ए फळीपेक्षा सरस वाजू शकते. तशीच गोष्ट रुंदीची. दोनऐवजी चार अरुंद भाग जोडून केलेली तबली, जोड नीट बसला असेल तर, ताठपणात कमी पडत नाही, आणि तिच्यासाठी खोडाची जाडी पुष्कळ कमी चालते, म्हणजे झाडही कमी वयाचे चालते. अडचण विक्रीची आहे. ‘सॉलिड टॉप’साठी, म्हणजे प्लाय नसलेल्या, सबंध लाकडाच्या तबलीसाठी, जास्तीचे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला तबलीच्या मधोमध एकच जोड पाहण्याची सवय आहे, आणि तीन जोड दिसले की त्याला ते हलक्या प्रतीचे वाटते. स्वस्त गिटारींच्या तबल्या तर प्लायच्या असतात. त्यात स्प्रूसचा फक्त वरचा पापुद्रा असतो, आणि त्या पापुद्र्यावरही एकाच जोडाची, सारख्या रेघांची तीच प्रतिमा हौसेने राखलेली असते.